दुसऱ्याच्या लेकराची नाळ

हॉस्पिटलच्या संशोधन विभागातल्या ताईंनी मला लिहायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली. "उमेद वाटेल असं लिहा हं, दीपकदादा. वाचणारे पेशंटच असणार आहेत." मी हो म्हणून आलो. घरी येऊन कितीदा बसलो आणि उठलो. माझ्याकडे उमेद फारशी शिल्लक नाही, आणि उसनी आणून लोकांना वाढायची मला सवय नाही. तेव्हा जे झालं तेच लिहितो. ज्याचं माणूस आत्ता श्वासाच्या मशीनवर आहे त्याला यातलं काही उपयोगी पडलं तर बघावं.

मी दहिवलीला राहतो. आमच्याकडे कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात फार्महाऊसं झाली, प्रत्येक फार्महाऊसला पोहायचा तलाव झाला, आणि ते तलाव निळेशार ठेवायचं काम मी आणि माझा चुलत भाऊ जयेश करायचो. जयेश माझ्यापेक्षा बराच लहान. भिसेगावला राहायचा. अंगानं दणकट, विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा कप. मी मात्र सिगारेट ओढणारा. दोन तलावांच्या मध्ये एक पेटवली नाही तर माझा हात चालायचा नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण यावरून मला पुढे फार ऐकावं लागलंय.

पंपाची खोली

खालापूरच्या बाजूचं एक फार्महाऊस. शनिवारी पाहुणे येणार होते. तिथे पंप आणि फिल्टर जमिनीखालच्या खोलीत आहेत. वर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. आम्ही दोघेही खाली उतरलो होतो. जयेशला तलावाच्या कडेच्या फरशीवरचे पांढरे डाग काढायचे होते. त्याने खालची बादली घेतली आणि तिच्यात अ‍ॅसिड ओतलं. बादलीच्या तळाशी ओली ब्लीचिंग पावडर चिकटलेली होती. अंधारात ती ना त्याला दिसली, ना मला.

पिवळट हिरवा धूर उठला. जयेश ओरडला, "दादा, वर ये रं!" आणि तो शिडी चढून बाहेर पडलादेखील. मीही चढलो. पण पंप चालू राहिला होता. तो तसाच सोडला तर जळेल म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून पुन्हा खाली उतरलो. बटण सापडेपर्यंत तिथेच चाचपडत होतो. म्हणजे दोघांत जास्त धूर कुणी खाल्ला असेल तर तो मी खाल्ला.

बाहेर आल्यावर दोघेही खोकून खोकून लाल झालो. वॉचमनने पाणी दिलं, मग गुळाचा खडा दिला. आमच्याकडे धूळ, धूर काहीही छातीत गेलं की गूळ खातात. आम्ही खाल्ला. घरी जाऊन दूध प्यायलो. जयेश मला हसत होता, "म्हातारा झालास तू, बघ कसा धापतोयस." मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

तो धूर क्लोरीनचा होता, आणि क्लोरीनचं असं असतं की ते लगेच सगळं दाखवत नाही. दिवस कलायला लागला तशी माझी छाती आवळत गेली आणि खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला. सुरेखाने, माझ्या बायकोने, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. कर्जतच्या दवाखान्यात पोचलो तर तिथे जयेश आधीच येऊन बसलेला. तोही तसाच. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही एकदम भीती वाटली. डॉक्टरांनी दोघांचे एक्स-रे उजेडाला धरले. मग म्हणाले, "फुप्फुसात पाणी झालंय. इथे नाही जमायचं."

एकाच अ‍ॅम्ब्युलन्समधून आम्हाला पनवेलच्या पुढे एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. घशात नळी घालण्याआधीचं मला आठवतं ते एवढंच, की जयेश म्हणत होता, "आधी दादाला बघा, त्याचं जास्त हाय."

मी नसताना जे झालं

पुढचं मला सुरेखाने सांगितलेलं आहे. मला आणि जयेशला औषधाने झोपवून मशीनवर ठेवलं होतं. दिवसातला बराच वेळ पालथं घालून ठेवत, म्हणजे पाठीकडच्या फुप्फुसात थोडी हवा जाईल. सुरेखा, जयेशची बायको मनीषा आणि जयेशची आई, म्हणजे माझी काकू, अशा तिघी बाहेरच्या बाकड्यावर असायच्या. मनीषाच्या मांडीवर तिचं तान्हं पोर.

तिथे संशोधन बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिघींना आत बोलावलं. त्यांनी मराठीत, सावकाश समजावलं. फुप्फुसाला इजा झाली की शरीराची फौज धावून येते. पण चोर कधीच पळून गेला तरी जमलेला गाव घरातलीच भांडीकुंडी फोडत राहावा, तसं या फौजेचं होतं. तिला आवरणाऱ्या आणि डागडुजीला लावणाऱ्या काही पेशी शरीरात असतात. त्या पेशी बाहेरून दिल्या तर फुप्फुस लवकर भरून येईल का, हे आम्ही शोधतोय. सिद्ध झालेलं नाही. ज्यांना अभ्यासात घेतो त्यांच्यातल्या काहींना पेशी मिळतील, काहींना नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं हे अभ्यास संपेपर्यंत आम्हालाही कळणार नाही. नाही म्हणालात तरी बाकीच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही.

काकूने विचारलं, "पेशी आणता कुठनं?"

"बाळ जन्मलं की नाळेत थोडं रक्त राहतं, त्यातून. आईने राजीखुशीने दिलेलं असतं. बाळाला काही होत नाही."

काकूने मनीषाकडे बघितलं आणि तिथेच सगळं थांबलं.

हे का, ते सांगायला हवं. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या मागून पडणारी वार घराजवळ पुरतात. बाप स्वतः खड्डा खणतो आणि वर दगड ठेवतो, कुत्र्या-मांजराने उकरू नये म्हणून. बाळाची नाळ गळून पडली की ती आजी जपून ठेवते, परक्याच्या हाती लागू देत नाही. मनीषाचं पहिलं मूल हॉस्पिटलात झालं होतं. वार मागायचं कुणाला सुचलं नाही. ते मूल महिन्याच्या आत गेलं. काकूच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं की वार कुणाच्या तरी हाती लागली म्हणून पोर गेलं. दुसऱ्या वेळी जयेश वार झाकणाच्या डब्यात घालून मोटरसायकलवरून घरी घेऊन आला आणि भिसेगावच्या घरामागे त्याने कमरेइतका खड्डा खणला. मी चेष्टा केली होती, "अरे विहीर पाडतोयस काय?" तो हसला नव्हता.

मनीषा डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "नको. दुसऱ्याच्या लेकराचं काय नको. माझं एक गेलंय. कुणा आईचं माज्या पायी जायला नको."

"अहो, तसं काही होत नाही," बाईंनी परत परत सांगितलं. मनीषा रडत होती, पण मान हलवत राहिली. लोक नंतर तिला अडाणी म्हणाले. मला ते अजिबात मान्य नाही. नवरा आत मरणाच्या दारात असताना ती कुठल्या तरी न पाहिलेल्या पोराचा विचार करत होती. माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या माणसांत मला तरी असं कुणी दिसलेलं नाही.

सुरेखाही तेच सगळं मानणारी आहे. पण ती उठली आणि म्हणाली, "माज्या नवऱ्याला द्या. पाप लागायचं ते मला लागू दे." तिने सही केली.

अंगारा

शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवलेली होती. बोलता येत नव्हतं. हात उचलत नव्हते. तहान इतकी, की नळाच्या नुसत्या आवाजाने डोळ्यांत पाणी यायचं. एक सिस्टर ओला कापूस ओठांवर फिरवायच्या. त्या सुट्टीवर असल्या की मला तो दिवस जाता जायचा नाही. भीतीबद्दल लोक विचारतात. भीती मरणाची नव्हती. मशीन आपल्याला श्वास देतंय आणि ते आपल्या मनाप्रमाणे देत नाही, याची होती. घ्यायचा असतो तेव्हा सोडायला लावतं आणि सोडायचा असतो तेव्हा भरतं. ओरडता येत नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचो, देवासकट.

शेजारच्या पलंगावर जयेश होता, एवढं मला ठाऊक होतं. मान वळवता यायला लागली तेव्हा तिथे दुसराच माणूस दिसला. मी डोळ्यांनी विचारलं. सुरेखा म्हणाली, "त्याला खालच्या वॉर्डात नेलंय. बरा हाय तो." मी विश्वास ठेवला. त्याचा मला आनंदही झाला आणि हेवाही वाटला.

आईला रोज थोडा वेळ आत सोडायचे. येताना ती गावदेवीचा अंगारा पुडीत आणायची आणि सिस्टरची नजर चुकवून माझ्या कपाळाला लावायची. सिस्टरना ते माहीत होतं. त्या मुद्दाम पाठ फिरवायच्या. त्याच सुमारास एके दिवशी आई आली आणि नुसती उभी राहिली. मी कपाळ थोडं पुढे केलं. तिने हात पाठीमागे घेतला.

दुसऱ्या दिवशीही तेच. माझी आई ताप अंगावर घेऊन देवळात जाणारी बाई. ती देवळात जात नाही ते फक्त सुतकात. माझ्या डोक्यात ते हळूहळू उतरलं. आमच्या भावकीत आजारी असलेले आम्ही दोघंच होतो, आणि मी तर इथे होतो.

मशीन किंचाळायला लागलं. सिस्टर धावत आल्या, आईला बाहेर काढलं. मला रडायचं होतं. गळ्याला भोक असलं की रडताही येत नाही, नळीतून नुसती शिट्टी वाजते. जयेशचं सगळं माझ्यावाचून झालं होतं. त्याला खांदा द्यायला मी नव्हतो.

घरी

घरी आलो म्हणजे बरा झालो असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पेढे वाटले. माझं फुप्फुस भरून आलंय, पण डाग ठेवून. कॉटजवळ हवेतून ऑक्सिजन काढायचं मशीन घुरघुरत असतं. नाकात नळी आणि नळी पोचते तेवढंच माझं घर. मोरीत जायचं तर लांबची नळी लावायची. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. ती गेली की सुरेखा हातातलं टाकून सिलिंडरकडे धावते, आणि नळी बदलेपर्यंत मी पुन्हा त्या पलंगावर असतो. आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहावं लागतं. सुरेखा एका फार्महाऊसच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. तिच्या पदराला क्लोरीनचा वास आला तर मला उलटी होते. म्हणून ती बाहेरच्या पडवीत कपडे बदलून मग आत येते. त्यावरून आमची भांडणंही झाली आहेत. चिडायला मला दम लागतो आणि तिला वेळ नसतो, म्हणून ती भांडणं अर्ध्यातच राहतात.

काही चांगलं झालं असेल तर ते आईमुळे. तिने धरून ठेवलं होतं की मला त्या पेशी मिळाल्या आणि त्यानेच मी वाचलो. रोज दिवा लावताना ती म्हणायची, "ज्याची कुणाची नाळ असंल त्या लेकराला उदंड आयुष्य दे." ते पोर मुलगा की मुलगी, कुठल्या गावचं, कशाचाच पत्ता नाही. पण आमच्या घरात त्याचं नाव रोज निघायचं, नाव नसताना.

दोन्ही घरांमधलं बोलणं मात्र आटलं. काकू एकदा सुरेखाला तोंडावर म्हणाली, "तू तुजा आणलास." एवढंच. सुरेखा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. भिसेगावात लोक काय बोलतात ते माझ्यापर्यंत येत होतं. सिगारेट ओढणारा, पुन्हा खाली उतरलेला माणूस वाचला आणि तो पहिलवान गेला, म्हणजे त्या औषधाचाच गुण. बायकोने नको म्हटलं म्हणून गेला.

मग एका दुपारी मनीषा एकटीच आली. पोराला काकूजवळ ठेवून आली होती. पाणी घेतलं नाही.

"दादा, तुमाला ती पेशी दिली का वो?"

"कुणालाच ठाऊक नाय गं. अभ्यास संपला की सांगणार हायेत."

"कळंल तवा मला सांगाल? खरं सांगाल?"

"सांगन."

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "दिली असंल तर मीच मारला त्याला. मला तेवडं कळायला पायजे."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझं फुप्फुस सुधारेल की नाही हे मागे पडलं. तपासणीला गेलो की मी नळीत फुंकायच्या आधीच ताईंना विचारायचो, कळलं का? त्या नाही म्हणून मान हलवायच्या. मला त्या पेशी मिळालेल्या नसाव्यात असं मी मागायला लागलो. देवावर माझा राग होता तरी त्याच्याकडेच मागायला लागलो. सलाइन असू दे, नुसतं पाणी असू दे. मग मनीषाने काहीच नाकारलं नाही असं होईल. ती मोकळी होईल. आपल्याला उपचार मिळालेला नसावा असं देवाजवळ मागणारा पेशंट त्या हॉस्पिटलात मी एकटाच असेन.

फोन

ताईंचा फोन आला तेव्हा मी भात जेवत होतो. अभ्यास संपला होता. पेशींनी फायदा होतो असं छातीठोक म्हणता येईल इतकं काही हाती लागलं नाही, काम पुढे वेगळ्या रीतीने चालू राहील, तुमचे सगळ्यांचे आभार, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पडलेला होता. इतकी वर्षं त्यात घालवलेल्या माणसांचंही काहीतरी बुडालंच असणार, हे मला त्यांच्या आवाजावरून प्रथमच जाणवलं.

"तुम्हाला काय मिळालं होतं ते कळवू का?"

"कळवा."

"तुम्ही सलाइनच्या गटात होतात, दादा."

मी फोन खाली ठेवला आणि हसलो. हसल्याने खोकला आला, खोकल्याने डोळ्यांपुढे अंधारी आली. मग सुरेखाला सांगितलं. "म्हंजी मी येवडे दिवस उगाच पाप डोक्यावर घेऊन फिरले," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. आईला नीट समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती म्हणाली, "मंग कुणाच्या लेकराला हात नाय लागला ना? बरं झालं." दिवा लावताना तिने त्या पोरासाठी मागणं सोडलं नाही. सवय झाली असेल.

दुसऱ्याच दिवशी छोटा सिलिंडर घेऊन मी रिक्षाने भिसेगावला गेलो. सुरेखा म्हणत होती फोन कर. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. खरं सांगायचं तर, किती तरी दिवसांनी माझ्याकडे कुणाला द्यायला काहीतरी होतं, आणि ते मला माझ्या हाताने द्यायचं होतं. रिक्षात मी वाक्यं जुळवत होतो.

मनीषा ओट्यावर तांदूळ निवडत होती. पोर शेजारी बसून सुपातले दाणे उडवत होतं. मला बघून ती उठली, खुर्ची दिली. दम परत येईपर्यंत थांबली. मग मी सांगितलं. मला त्या पेशी मिळाल्याच नव्हत्या, नुसतं सलाइन होतं. ज्यांना मिळाल्या त्यांनाही त्यांचा फार उपयोग झाला असं म्हणता येत नाही. "तू नको म्हटलंस म्हणून काय गेलं नाय, मनीषा. तुज्या हातात कायच नव्हतं. तू नाय मारला त्याला."

मला वाटलं, आता रडेल, आणि रडून हलकी होईल. त्याचीच मी वाट बघत होतो. तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मंग तुमी कसे वाचलात, दादा?"

डॉक्टरांनाही मी हे विचारलं होतं, आणि तेही म्हणाले होते की कधी कधी नाही सांगता येत. तेच मी पुटपुटलो.

"मी नको बोलले म्हनून गेला, असं हुतं तवर तो कशानं तरी गेला हुता," ती म्हणाली. "मी रोज स्वताला शिव्या द्यायचे, पर मला ठाव हुतं का गेला त्ये." पोराने तिचा पदर ओढला. तिने त्याला उचलून कडेवर घेतलं. "ह्यो मोठा झाला नि यानं इचारलं, तर मी सांगनार हुते, तुज्या आयची चूक झाली. आता काय सांगू?"

मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलो, कारण तिच्या तोंडाकडे बघायची माझ्यात ताकद नव्हती.